शाळेतलं एड्स शिक्षण : मुलांचे गुण वाढले म्हणजे कार्यक्रम यशस्वी झाला का?



‘माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या एचआयव्ही/एड्सविषयक ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’, या धाटणीचं शीर्षक तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. नर्सिंग, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, कुठल्याही विभागात जुने प्रबंध चाळले की असे दोन-चार हाती लागतात. आराखडाही ठरलेला असतो. नववीचा एक वर्ग घ्यायचा, पूर्व चाचणी घ्यायची, तक्ते दाखवून पाऊण तास शिकवायचं आणि सातव्या दिवशी उत्तर चाचणी. सरासरी गुण वाढतात, ‘टी’ मूल्य सार्थक येतं आणि शेवटी लिहिलं जातं की कार्यक्रम परिणामकारक ठरला.

आज मला या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. परिणामकारक म्हणजे नेमकं कशासाठी? सात दिवसांपूर्वी सांगितलेलं आठवण्यासाठी, की मुलांना संसर्गापासून वाचवण्यासाठी? या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर आहे. ते अंतर जगात काही मोठ्या प्रयोगांनी मोजलंही आहे. तुम्ही शाळेतल्या आरोग्य शिक्षणावर सिनॉप्सिस लिहिणार असाल, तर विषय एड्स असो, तंबाखू असो की मासिक पाळी, पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

आधी साखळी कागदावर काढा

कुठलाही शालेय कार्यक्रम पाच कड्यांच्या साखळीसारखा असतो. पहिली कडी, धडा प्रत्यक्षात शिकवला गेला. दुसरी, मुलांना तो कळला. तिसरी, त्यांचा दृष्टिकोन बदलला आणि ‘नाही’ म्हणण्याचा किंवा योग्य प्रश्न विचारण्याचा आत्मविश्वास आला. चौथी, वागणं बदललं. पाचवी, संसर्ग कमी झाला.

आपले बहुतेक प्रबंध दुसरी कडी मोजतात आणि पाचव्या कडीचं श्रेय घेतात. कारण सरळ आहे. ज्ञान मोजायला स्वस्त आणि सोपं आहे: तीस प्रश्नांची प्रश्नावली, एक तास, झालं. पण एखादी गोष्ट मोजायला सोपी आहे म्हणून ती महत्त्वाची ठरत नाही.

याचा अर्थ ज्ञान बिनकामाचं आहे असाही घेऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) एचआयव्हीबद्दल ‘सर्वंकष ज्ञान’ असणाऱ्या १५ ते ४९ वयोगटातल्या महिला २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के निघाले. सर्वंकष म्हणजे काय तर फार काही नाही. नियमित कंडोम वापरल्याने आणि संसर्ग नसलेल्या एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहिल्याने धोका कमी होतो, निरोगी दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो, आणि डास चावल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही. एवढंही आपल्याकडे दहातल्या सात-आठ जणांना नीट सांगता येत नाही. तेव्हा दुसरी कडी हवीच, फक्त तिला शेवटची कडी समजू नका.

म्वान्झाने काय दाखवलं

टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला म्वान्झा नावाचा प्रदेश आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या शेवटी ‘मेमा क्वा विजाना’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ साधारण ‘तरुणांसाठी चांगल्या गोष्टी’ असा होतो. ग्रामीण भागातले २० समुदाय घेतले आणि त्यातले कार्यक्रमाचे १० चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने निवडले. उरलेले १० तुलनेसाठी.

कार्यक्रम नुसता व्याख्यानाचा नव्हता. पाचवी ते सातवीच्या वर्गांत शिक्षकांनी शिकवायचं, मदतीला वर्गातलीच प्रशिक्षित मुलं. तिथे मुलं उशिरा शाळेत जात असल्यामुळे या वर्गांतही १४ वर्षांच्या पुढची, म्हणजे आपल्या माध्यमिक वयाची मुलं बरीच असत. शिवाय आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना तरुणांशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण, गावातल्या तरुणांमार्फत कंडोमचं वाटप आणि गावपातळीवरचे उपक्रम. म्हणजे आपण प्रबंधाच्या शेवटी ‘शिफारशी’त जे जे लिहितो, ते बहुतेक सगळं यात होतं.

साडेनऊ हजारांहून जास्त तरुण-तरुणींचा सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला. ज्ञान सार्थक वाढलं. दृष्टिकोन सुधारला. मुलांनी स्वतः सांगितलेल्या वागण्यातही, विशेषतः मुलग्यांच्या, काही चांगले बदल दिसले. आपला प्रबंध असता तर इथेच संपला असता आणि व्हायव्हाला पेढे वाटले असते.

पण या संशोधकांनी रक्त आणि लघवीच्या तपासण्याही केल्या होत्या. एचआयव्हीचे नवे संसर्ग, जननांगांच्या हर्पीसचा संसर्ग, गरोदरपणाचं प्रमाण, यात दोन गटांत सातत्याने दिसणारा फरक आढळला नाही. २००७–०८ मध्ये त्याच समुदायांतल्या सुमारे १३,८०० तरुणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हाही ज्ञानातली वाढ काही प्रमाणात टिकून होती, पण एचआयव्ही आणि हर्पीसच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच होते.

म्हणजे साखळीच्या पहिल्या तीन कड्या पक्क्या असूनही पाचवी हलली नाही. संशोधकांनी कारणांची चर्चा करताना गावातल्या मोठ्या माणसांच्या रूढी, गरिबी, मुलींचे वयाने मोठे जोडीदार, अशा वर्गाबाहेरच्या गोष्टींकडे बोट दाखवलं. मुलीला सगळं माहीत असतं, पण निर्णय तिच्या हातात नसतो.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. त्यांनी एचआयव्हीसोबत हर्पीस आणि गरोदरपण का मोजलं? या वयात एचआयव्हीचे नवे संसर्ग संख्येने कमी असतात. इतक्या कमी घटनांवरून दोन गटांची तुलना करायची तर नमुना प्रचंड मोठा लागतो. त्यामुळे ज्याचं प्रमाण जास्त आहे आणि जे त्याच वागण्यातून येतं, असं दुसरं मापक सोबत ठेवावं लागतं. तुमच्या विषयात असं मापक कोणतं, हा प्रश्न गाईडने विचारायच्या आधी स्वतःला विचारा.

मुलं सांगतात ते खरं असतं का?

म्वान्झातूनच आलेला दुसरा धडा. ज्यांच्या तपासणीत लैंगिक संबंध आल्याची जैविक खूण सापडली होती (संसर्ग किंवा गरोदरपण), त्यांतल्या निम्म्याहून थोड्याच जास्त मुलामुलींनी प्रश्नावलीत संबंध आल्याचं मान्य केलं होतं. बाकीच्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं.

मुलं खोटारडी आहेत असा याचा अर्थ नाही. समोर अनोळखी ताई किंवा दादा, शेजारच्या बाकावर मैत्रीण, दाराशी सर. तुम्ही तरी काय लिहिलं असतं?

तुलनेच्या दृष्टीने खरी अडचण याच्या पुढची आहे. दोन्ही गट सारख्याच प्रमाणात लपवत असतील तर निदान तुलना थोडीफार तग धरते. पण प्रायोगिक गटाला तुम्हीच सहा महिने शिकवलेलं असतं की योग्य वागणं कोणतं. म्हणजे योग्य उत्तर कोणतं हेही त्यांना नियंत्रित गटापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मग ‘वागणूक सुधारली’ असं जे दिसतं, त्यातलं खरं वागणं किती आणि नुसतं उत्तर किती, हे प्रश्नावलीवरून वेगळं करता येत नाही.

मग शाळेत शिकवणं फुकट आहे का?

नाही. पण काय शिकवता, हे महत्त्वाचं आहे. पश्चिम केनियात ३२८ शाळांमध्ये झालेला प्रयोग याचं चांगलं उदाहरण आहे. यादृच्छिक निवडलेल्या निम्म्या शाळांमध्ये शिक्षकांना सरकारी एड्स अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण दिलं. त्या अभ्यासक्रमाचा भर लग्नापर्यंत संयम पाळण्यावर होता. त्याने किशोरवयीन मुलींच्या गरोदरपणात फरक पडला नाही.

याच शाळांमधल्या ७१ शाळांत आठवीच्या वर्गात वेगळी गोष्ट झाली. अर्थतज्ज्ञ पास्कलिन दुपा यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच, ४० मिनिटांचा तास. त्यात कुठल्या वयाच्या पुरुषांमध्ये आणि स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण किती, हे आकड्यांनिशी सांगितलं. वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषांमध्ये संसर्ग किशोरवयीन मुलांपेक्षा कितीतरी जास्त होता, आणि भेटवस्तू, पैसे देऊन शाळकरी मुलींशी संबंध ठेवणारे हेच पुरुष होते. पुढच्या वर्षभरात या शाळांमधल्या मुलींच्या बाळंतपणांचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं.

इथे मापक कसं निवडलंय ते बघा. ‘तुम्ही असुरक्षित संबंध ठेवले का?’ असं मुलींना विचारलं नाही. मूल झालं की नाही, हे मोजलं. ते गावाला माहीत असतं, लपत नाही. पण बाळंतपण कमी झालं म्हणजे एचआयव्ही तेवढाच कमी झाला, असंही म्हणता येत नाही.

ही सावधगिरी किती गरजेची आहे, हे त्याच भागातल्या सुमारे १९,००० मुलामुलींच्या सात वर्षांच्या पाठपुराव्यात दिसलं. दुफ्लो, दुपा आणि क्रेमर यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेचा गणवेश मोफत दिल्याने मुलींची गळती, लग्नं आणि गरोदरपण कमी झालं, पण लैंगिक संसर्ग कमी झाला नाही. नुसत्या सरकारी अभ्यासक्रमाने दोन्ही कमी झालं नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर संसर्ग कमी झाला, पण गळती आणि गरोदरपण नुसत्या गणवेशाइतकं घटलं नाही. एकच मापक घेतलं असतं तर प्रत्येक वेळी वेगळी आणि अर्धवट गोष्ट हाती लागली असती.

२०१६ च्या कॉक्रन आढाव्यात अशा आठ क्लस्टर चाचण्या आणि ५५,१५७ सहभागी एकत्र केले गेले. केवळ शिक्षणाच्या कार्यक्रमांनी एचआयव्ही किंवा इतर लैंगिक संसर्ग कमी झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. तुमच्या ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या प्रकरणात हे नसेल तर परीक्षक विचारणारच.

विद्यार्थी मोजू नका, शाळा मोजा

आता थोडं गणित. समजा तुम्ही एका शाळेतले १०० विद्यार्थी प्रायोगिक गटात घेतले आणि दुसऱ्या शाळेतले १०० नियंत्रित गटात. तुम्हाला वाटतं नमुना २०० चा आहे. पण कार्यक्रम शाळेला दिलाय, मुलाला नाही. म्हणजे तुलना खरं तर एक विरुद्ध एक अशी आहे. पहिल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई उत्तम शिकवत असतील, तर तो फरक तुमच्या कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होईल. नमुना वाढवून हे सुटत नाही, शाळा वाढवाव्या लागतात.

एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. तेच शिक्षक, तीच वस्ती, तेच क्लास. हे साम्य ‘इंट्राक्लास कोरिलेशन’ने मोजतात. प्रत्येक शाळेतून ५० मुलं घेतली आणि हे साम्य फक्त ०.०५ असलं, तरी नमुना भागण्याचा आकडा येतो १ + (५० − १) × ०.०५, म्हणजे ३.४५. वीस शाळांतल्या १००० मुलांचं वजन मग फक्त २९० स्वतंत्र मुलांएवढं उरतं. साधी ‘टी’ चाचणी हे लक्षात घेत नाही, त्यामुळे नसलेला फरकही ती सार्थक दाखवू शकते.

एकाच शाळेत ९-अ प्रायोगिक आणि ९-ब नियंत्रित असं केलंत तर वेगळीच अडचण. दोन्ही तुकड्यांची मुलं एकाच रिक्षातून घरी जातात. एड्सवरचा तास म्हणजे रिक्षात बोलायला याहून चांगला विषय कोणता! नियंत्रित गट दुसऱ्या दिवसापर्यंत नियंत्रित राहत नाही. शिवाय पूर्व चाचणी हीसुद्धा एक शिकवणीच असते, मुलं घरी जाऊन उत्तरं शोधतात. आणि सातव्या दिवशीची उत्तर चाचणी पाठांतर मोजते. जमत असेल तर सहा महिन्यांनी परत जा.

वर्गात नेमकं काय घडलं?

पहिल्या कडीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कार्यक्रम कागदावर आहे म्हणजे वर्गात आहे, असं आपण गृहीत धरतो. आपल्याकडे तर असं मुळीच धरू नये.

२००५ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि नॅको यांनी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये त्यातल्या साहित्यावरून वाद पेटला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्ध अहवाल दिला. अशा वातावरणात मुख्याध्यापक आणि शिक्षक जपून वागणार, हे उघड आहे. ‘हा भाग घरी वाचा’ हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत ऐकलं असेल.

म्हणून परिणाम मोजण्याआधी अंमलबजावणी मोजा. ठरलेल्या तासांपैकी किती झाले? कोणता मुद्दा गाळला? मुलींना वेगळं बसवलं का, आणि तेव्हा कंडोमचा उल्लेख झाला का? किती मुलं हजर होती? वर्गात प्रश्नपेटी ठेवली असेल तर त्यातल्या चिठ्ठ्या जपून ठेवा. नाव नसलेल्या त्या चिठ्ठ्यांमध्ये मुलांना खरंच काय माहीत नाही ते दिसतं, आणि तुमची प्रश्नावली बनवायला त्याहून चांगलं साहित्य नाही.

परिणाम दिसला नाही आणि अंमलबजावणीचा डेटाही नाही, तर कार्यक्रम वाईट होता की तो झालाच नाही, हे तुम्ही सांगू शकणार नाही.

काही प्रश्न विचारण्याआधी कायदा वाचा

परदेशी प्रश्नावली भाषांतर करून वापरायचा मोह होतो. त्यात हमखास असतं, ‘तुमचा लैंगिक संबंध आला आहे का? कितव्या वर्षी?’ थांबा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलामुलींशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, संमती असली तरी. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या कुठल्याही व्यक्तीवर तो पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. ‘कुठलीही व्यक्ती’ यात संशोधकही येतो.

म्हणजे नाव किंवा रोल नंबर असलेल्या कागदावर हा प्रश्न विचारला, तर ‘माहिती गोपनीय राहील’ हे तुमचं संमतिपत्रातलं वचन कायदेशीरदृष्ट्या तुम्ही पाळू शकत नाही. अत्याचार झालेलं एखादं मूल तुमच्या कागदावर पहिल्यांदा ते सांगेल, हीसुद्धा शक्यता आहे. त्या मुलासाठी पुढे काय करणार, हे आधी ठरलेलं हवं. शाळेतली जबाबदार व्यक्ती कोण, समुपदेशक कोण, कोणाला कळवायचं, हे सगळं लिहून एथिक्स कमिटीपुढे ठेवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची सहमती दोन्ही लागतात. मुख्याध्यापकांची सही म्हणजे संमती नव्हे. आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. तेव्हा म्वान्झासारखं रक्त तपासायचा विचार एकट्या पीएचडी विद्यार्थ्याने न केलेलाच बरा.

मग आपण काय मोजायचं?

बरंच काही. माझ्या मते आपल्याकडच्या शाळेत एक परिणाम आवर्जून मोजायला हवा, तो म्हणजे कलंकाची भावना. तुमच्या नमुन्यातल्या एखाद्या वर्गात एचआयव्हीसह जगणारं मूल बसलेलं असू शकतं, आणि ते तुम्हाला किंवा शिक्षकांनाही माहीत नसेल. भीती दाखवणारे तक्ते, ‘वाईट संगतीचा रोग’ अशी भाषा यांनी ज्ञानाचे गुण वाढतील आणि त्याच वेळी त्या मुलाचं वर्गात बसणं कठीण होईल. म्हणून ‘एचआयव्ही असलेल्या मुलाशेजारी बसशील का, त्याचा डबा खाशील का’ हे प्रश्न आधी आणि नंतर दोन्ही वेळा विचारा. कार्यक्रमाने नुकसान झालं का, हेही मूल्यमापनच आहे.

त्याशिवाय कौशल्य मोजता येतं. ‘तुझ्या मैत्रिणीवर अमुक दबाव आला तर ती काय म्हणेल?’ अशी प्रसंगावर आधारलेली उत्तरं दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासायची. मदत कुठे मिळते हे माहीत आहे का, १०९७ ही हेल्पलाइन ठाऊक आहे का, हे विचारता येतं. अंमलबजावणीचा सखोल अभ्यास हा तर स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे, आणि त्याला वीस शाळांची गरज नाही.

शेवटी निष्कर्षाच्या त्या वाक्याकडे येऊ. दोन शाळा आणि सात दिवसांचा अभ्यास असेल, तर असं लिहा: ‘या दोन शाळांमध्ये, कार्यक्रमानंतर एका आठवड्याने, ज्ञानाचे सरासरी गुण वाढलेले आढळले. दृष्टिकोन, वागणूक आणि संसर्ग यांवरील परिणाम या आराखड्यातून सांगता येत नाही.’ वाक्य साधं आहे, पण कुठला परीक्षक ते खोडू शकणार नाही. आणि उद्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्याने तुमचा प्रबंध वाचून शंभर शाळांचा खर्च ठरवला, तर तुम्ही त्याची दिशाभूल केलेली नसेल.

तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक आता पुन्हा वाचा. त्यात ‘परिणामकारकता’ हा शब्द असेल, तर त्याच्या शेजारी पेन्सिलने कडीचा आकडा लिहा: एक ते पाच. मग उद्दिष्टं आणि साधनं त्याच कडीची आहेत का ते तपासा आणि ते घेऊन गाईडकडे जा.